'स्क्विड गेम'सारखे जीवघेणे खेळ आपल्याला का बघवतात?

मुक्ता_सायन: २०२१ ची 'स्क्विड गेम' ही कोरियन मालिका परत पाहिली. ४५६ कर्जबाजारी माणसं, बक्षिसाच्या पैशासाठी लहानपणीचे खेळ, बाद झालं की थेट गोळी. मला धरून ठेवलं ते रक्तानं नाही, दुसऱ्या एपिसोडनं. पहिल्याच खेळात निम्म्याहून जास्त मेल्यावर उरलेले मतदान करतात. १०१ विरुद्ध १०० मतांनी खेळ थांबतो, सगळे घरी जातात. आणि बहुतेक जण आपल्या पायांनी परत येतात! घरी आईच्या उपचाराला पैसा नाही, मागे सावकार. ही ओढ खोटी वाटत नाही, म्हणून बघवतं.

जुना_वाचक: साफ नापटलं. कर्जाची गोष्ट सांगायला प्रेतांचा खच कशाला? २०२३ मध्ये नेटफ्लिक्सनं यावरच रिअ‍ॅलिटी शो काढला. ४५६ स्पर्धक, तेच हिरवे ट्रॅकसूट, बाद झालं की छातीवर काळी शाई फुटते आणि माणूस आडवा. कर्ज गेलं, खेळ तेवढा उरला. तरी लोकांनी पाहिलाच ना?

रेवा: गोट्यांचा भाग आठवा. अली भाबडेपणानं सगळ्या गोट्या भावासारख्या मानलेल्या माणसाकडे सोपवतो. मग पिशवी उघडतो तर आत खडे. तो खडे बघत उभा राहतो, तिथे मी टीव्ही बंद करून बराच वेळ बसून होते. (अलीचं काम करणारा अनुपम त्रिपाठी आपला दिल्लीचा.) ज्याला मजा म्हणून मरण बघायचंय, त्याला हे सोसवणार नाही.

बापू_पेण: तुम्हाला सोसलं नाही, पोरांना सोसतं. आमच्या चाळीत पोरं मालिकेतला तो पहिला खेळ, 'लाल दिवा, हिरवा दिवा' खेळतात; 'लाल' म्हटलं की हलायचं नाही. हललेल्याला बाकीचे बोटांची बंदूक करून 'खलास' म्हणतात. कबड्डीत आम्हीही गडी मारायचो, पण तो परत जिवंत व्हायचा. मालिकेत तसं नाही आणि पोरांना तेच आवडतं, याची मला भीती वाटते.

मुक्ता_सायन: बापू, ती मालिका मुलांसाठी नाहीच, तिथे मी तुमच्याबरोबर. शोचा मुद्दाही मान्य, तो मला बघवला नाही. पण नायक गी-हुनची नोकरी गेलेली आहे, आणि दिग्दर्शक ह्वांग डाँग-ह्युक यांनी ती पार्श्वभूमी सॅंगयाँग मोटर्स या कोरियन गाडी कंपनीतल्या २००९ च्या संपावरून घेतली. गिरणी संपानंतरचं परळ ज्यांनी पाहिलंय त्यांना हे परकं वाटणार नाही.

जुना_वाचक: माझे वडील गिरणीतच होते. म्हणूनच म्हणतो, त्या माणसांवर गोळ्या झाडून दाखवू नका.