कोरियात आहे, चाळिशीला टेकलेय. तायक्वांदो शिकू की हापकिडो? (आणि ते वाकून नमस्कार वगैरे)

किमची_कोशिंबीर

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सुवॉनला राहतो, सोलच्या खाली. लेक दुसरीत आहे आणि त्याच्या वर्गातल्या निम्म्याअधिक पोरांसारखा तोही शाळा सुटली की तायक्वांदोच्या गाडीत बसतो. दोजांगवाले (म्हणजे क्लासवाले) शाळेच्या गेटवरून उचलतात, दोन तास दोरीवरच्या उड्या, लाथा, खेळ सगळं करून घेतात आणि बिल्डिंगखाली आणून सोडतात, इथल्या नोकरीवाल्या आईबापांसाठी ते अर्धं पाळणाघरच आहे.

आता प्रश्न माझा. मला पण इथे काम मिळालंय आणि परतताना बऱ्याचदा शेवटची बस असते. कोरिया सुरक्षित आहे हे मान्य, रात्री अकरालाही बायका एकट्या फिरतात, पण मधे बस स्टॉपवर एक दारू प्यायलेला आजोबा मनगट धरून काहीतरी बडबडत बसला आणि मला काही म्हणजे काही सुचलं नाही. लोकांनी सोडवलं. तेव्हापासून डोक्यात किडा आहे.

लेकाच्या दोजांगला रात्री मोठ्यांची बॅच असते. त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर हापकिडो आहे, म्हणजे पकड सोडवणं, सांधा पिरगळणं वगैरे शिकवणारी कोरियन विद्या. दोन्हीकडे ट्रायल फुकट. कुठे जाऊ? गुडघे फार चांगले नाहीत. दुसरं म्हणजे ते आत जाताना वाकणं, झेंड्यासमोर उभं राहणं, पोरगं घरीही पाण्याचा ग्लास दोन हातांनी द्यायला लागलंय, सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "इथे पाया पड म्हटलं तर कंबर वाकत नव्हती याची." हे सगळं मोठ्यांनाही करावं लागतं का, की नुसतं पोरांना शिस्त म्हणून?

पट्टा_काळा

ताई, मी पुण्यात बरीच वर्षं पोरांना तायक्वांदो शिकवतोय, तेव्हा आधी माझ्याच खेळाचं खरं ते सांगतो. ऑलिंपिकमध्ये दिसतो तो तायक्वांदो पॉइंटचा खेळ आहे. छातीवरच्या गार्डवर बुक्की मारली तर 1 पॉइंट, लाथ मारली तर 2, डोक्यावर लाथ 3, फिरून मारली तर 4 नि 5. चेहऱ्यावर बुक्की चालत नाही, कमरेखाली लाथ चालत नाही, धरणं चालत नाही. त्यामुळे होतं काय की पोरं हात खाली सोडून खेळतात कारण तोंडावर बुक्की येणारच नाहीये, आणि रस्त्यावरचा माणूस नेमका आधी हात धरतो, केस धरतो, ढकलतो नाहीतर थोबाडीत देतो. म्हणजे तायक्वांदो वाईट असं नाही हां, स्टॅमिना, बॅलन्स, अंतराचा अंदाज, अंगावर कोणी धावून आलं तर गोठून न जाणं हे सगळं त्यातून येतं. पण तुमचं मनगट धरलं गेलं होतं आणि त्याचं उत्तर डोलिओ चागीत, म्हणजे गोल फिरवून मारायच्या लाथेत नाही.

होशिनसुल नावाचा भाग तायक्वांदोतही असतो, म्हणजे सेल्फ डिफेन्सच. पण बऱ्याच ठिकाणी तो परीक्षेपुरता. ट्रायलला गेलात की एवढंच बघा, पार्टनर खरंच घट्ट धरतो की नुसता हात पुढे करून उभा राहतो आणि तुम्ही बोट लावलं की स्वतःच कोलांटी मारतो. दुसरं असेल तर पोटभर टाळ्या वाजवा आणि घरी या. दारावरच्या पाटीपेक्षा हे महत्त्वाचं, भले पाटी कुठलीही असो.

आणि इथे पोरापोरांकडे ब्लॅक बेल्ट बघून दचकू नका. कोरियात नियमित जाणारं पोर वर्ष-दीड वर्षात तिथपर्यंत पोचतं, पंधराच्या आतल्यांचा लाल-काळा पट्टा असतो त्याला पुम म्हणतात. कुक्कीवॉनच्या (तायक्वांदोचं सोलमधलं मुख्यालय) नियमात पहिल्या दानवरून (ब्लॅक बेल्टची पायरी) दुसऱ्याला किमान 1 वर्ष, दुसऱ्यावरून तिसऱ्याला 2 वर्षं असं वाढत जातं. ब्लॅक बेल्ट म्हणजे त्यांच्या लेखी बाराखडी आली, बास. आपल्याकडे त्याची वरात काढतात. आमच्या भागात एका क्लासने "सहा महिन्यांत ब्लॅक बेल्ट, फी एकरकमी" असा बोर्ड लावलेला, आईबापांची रांग लागली होती.

गडकरी_गल्ली

तायक्वांदो दोन हजार वर्षं जुनी विद्या आहे, ह्वारांग योद्धे वापरायचे, उगाच खेळ खेळ काय लावलंय.

तेगूचा_तुक्या

@गडकरी_गल्ली, ब्रोशरमध्ये तसंच लिहितात. तायक्वांदो हे नावच 1955 चं. 1945 ला जपानी गेले त्या सुमारास सोलमध्ये वेगवेगळी क्वान म्हणजे शाळा निघाल्या, काढणाऱ्यांतले बरेचजण जपानमध्ये कराटे शिकून आलेले, मग त्या सगळ्या हळूहळू एका नावाखाली आल्या. कुक्कीवॉन बांधलं 1972 ला, ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून 1988 ला आणि पदकासकट 2000 ला सिडनीत. खरंच जुनं काही बघायचं असेल तर तेक्क्यॉन बघा, नाचल्यासारखं हलतात आणि पायात पाय अडकवून पाडतात, 2011 ला युनेस्कोच्या यादीत गेलंय.

असो. किमचीताई, मी तेगूला पीएचडी करत होतो आणि तिथेच हापकिडो केलं, आणि तेगू हे हापकिडोचं माहेरच आहे. चोई योंग-सुल नावाचे गृहस्थ जपानमध्ये वाढले, युद्ध संपल्यावर परत येऊन तेगूला राहिले. गोष्ट अशी सांगतात की 1948 मध्ये एका दारूभट्टीच्या आवारात काही लोक अंगावर आले तर यांनी त्यांना सहज लोळवलं, भट्टीच्या मालकाचा मुलगा ज्युदोवाला होता, तो वरून बघत होता, तो त्यांचा पहिला शिष्य झाला. मूळ दाइतो-र्यू या जपानी जुजुत्सूचं, पुढे शिष्यांनी त्यात कोरियन लाथा घातल्या.

तुमच्या मनगटासाठी हापकिडोच. पहिल्या दिवसापासून सोनमोक प्पेगी, मनगट सोडवणं. तत्त्व साधं आहे, समोरच्याची चार बोटं एकीकडे आणि अंगठा एकीकडे, पकडीतली फट अंगठ्यापाशीच असते. आपण घाबरून हात सरळ मागे ओढतो तिथेच फसतो, कारण तेव्हा चारही बोटांशी लढत असतो. त्याऐवजी पंजा ताठ उघडायचा, कोपर आपल्या पोटाशी आणायचं, हवं तर एक पाऊल त्याच्याच दिशेने टाकायचं आणि मनगटाची अरुंद कड त्या फटीतून वळवून काढायची. हात नाही, अख्खं अंग फिरलं पाहिजे. वाचून काही होत नाही, पाचशे वेळा वेगवेगळ्या माणसांनी धरायला लागतं, त्यात एक शंभर किलोचा पाहिजेच. सिनेमातल्यासारखं बोट पिरगाळून माणूस आडवा करायचं खूळ मात्र डोक्यात घेऊ नका, ते चिडलेल्या माणसावर सहजासहजी लागत नाही. सुटलं की पळायचं.

पण मला विचाराल तर हापकिडोतली सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच, नाकबॉप, म्हणजे पडायला शिकणं. हनुवटी छातीशी, डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही, हात बाहेर रोवायचा नाही, पूर्ण हाताने मॅटवर थाप मारून धक्का पसरवायचा. गुंडाने धरलंय असं मला आजवर कोणी भेटलं नाही, पण जानेवारीत तेगूच्या फुटपाथवर बर्फाने आडवा झालोय आणि मनगट शाबूत राहिलंय. गुडघे नाजूक असतील तर पडण्याचा भाग हळू घ्या, आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्याने. उंच फेकाफेकी तुम्हाला करायलाच लागणार नाही, साबॉमनिमना, म्हणजे शिकवणाऱ्यांना, पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

धावती_भेट

तेगूच्या तुक्याला +१. मी पूर्वी आनसानला राहायचे आणि तायक्वांदोच्या लेडीज बॅचला जायचे, तिथलं वळण सांगते.

हो, मोठ्यांनाही सगळं करावं लागतं, किंबहुना मोठ्यांनी नाही केलं तर जास्त डोळ्यांवर येतं. बूट दारात. मॅटवर पाय ठेवायच्या आधी आत तोंड करून वाकायचं, बाहेर पडताना पण. मालक-गुरू असतील ते ग्वानजांगनिम, शिकवणारे साबॉमनिम, नावाने हाक नाहीच, तुमच्याहून वीस वर्षांनी लहान असला तरी. उशीर झाला तर गपकन रांगेत घुसायचं नाही, कडेला थांबायचं, साबॉमनिम मान हलवतील मग वाकून आत. ड्रेस नीट करायचा किंवा पट्टा परत बांधायचा तर झेंड्याकडे आणि शिक्षकांकडे पाठ करून. काहीही द्यायचं घ्यायचं दोन हातांनी, म्हणजे तुमचं पोरगं बरोबर शिकलंय. सुरुवातीला "चारियत, क्यंगने" म्हणतात, सावधान आणि नमस्कार, तेव्हा मान खाली पाहिजे, समोरच्याकडे बघत वाकायचं नाही. झेंड्याला कोरियन लोक उजवा हात छातीवर ठेवतात, आमच्या इथे मी नुसती ताठ उभी राहायचे, कोणी काही बोललं नाही, तरी तुम्ही एकदा विचारून घ्या.

आणि हे नुसतं शोभेचं नाहीये. पार्टनरला आधी आणि नंतर वाकून नमस्कार करता तेव्हा दोघांनी कबूल केलेलं असतं की आता तू मला मारणार आहेस आणि मी तुला, पण कोणी कोणाला इजा करणार नाही. "कुमान" ऐकलं की लाथ हवेत असली तरी थांबायची. हापकिडोत सांधा ताणला की मॅटवर किंवा अंगावर दोन थापा, की त्याने त्याच क्षणी सोडायचं. जिथे या गोष्टी ढिल्या तिथे माणसं कोपर धरून घरी जातात. ट्रायलला हे जरूर बघा, वरचे पट्टेवाले नवीन माणसाला कसं धरतात ते.

पुरुष पार्टनर नको असेल तर आधीच सांगा, ते समजून घेतात. पण माझं मत विचाराल तर थोड्या दिवसांनी पुरुषांबरोबरही करा, बस स्टॉपवर बाई नव्हती ना.

आळशी_अस्वल

एवढं सगळं करून शेवटी सगळेच म्हणणार "सुटलं की पळा". मग डायरेक्ट पळायचाच क्लास लावा की, फी वाचेल, गुडघ्याला नीकॅप घ्या. 😄

किमची_कोशिंबीर

😂 अस्वलराव, हात धरलेला असताना पळणार कशी.

सगळ्यांना धन्यवाद, खूपच छान माहिती. अजून एक. समजा उद्या शिकले आणि खरंच कोणाला लाथ घातली आणि त्याला लागलं, तर? ऑफिसमधली कोरियन मैत्रीण म्हणाली, इथे मारू नकोस, तूच अडकशील. खरं आहे का?

कायद्याचं_बोला

मैत्रीण बरोबर सांगतेय. मी वकील आहे पण भारतातला, तेव्हा हा सल्ला न समजता माहिती समजा.

कोरियाच्या फौजदारी कायद्यात कलम 21 स्वसंरक्षणाचं आहे, पण तिथली कोर्टं ते फार कंजूषपणे मान्य करतात अशी ओरड तिथल्याच लोकांची आहे. दोघांनी एकमेकांना हात लावला की पोलिसांच्या लेखी अनेकदा "ससांगबांग फोकेंग", म्हणजे दोन्ही बाजूंची मारामारी, आणि मग सुरुवात कोणी केली यावर रामायण. साध्या मारहाणीत समोरच्याची तक्रार नको असेल तर खटला उभा राहत नाही, त्यामुळे प्रकरण बऱ्याचदा पैसे देऊन समझोत्यावर येतं. व्हिसावर असलेल्या माणसाला हे झंझट नकोच.

किती टोकाला जाऊ शकतं तर चोई माल-जा यांचं प्रकरण बघा. 1964 मध्ये गिमहेला एका माणसाने या 18 वर्षांच्या मुलीवर जबरदस्ती करायचा प्रयत्न केला, तिने त्याची जीभ चावून तोडली. 1965 मध्ये कोर्टाने तिलाच गंभीर इजा केल्याबद्दल 10 महिन्यांची शिक्षा दिली, ती स्थगित ठेवली पण शिक्का बसला तो बसलाच, आणि त्या माणसाला तिच्याहून कमी. बाईंनी 2020 मध्ये फेरसुनावणी मागितली, खालून नाही म्हणाले, सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या, आणि सप्टेंबर 2025 मध्ये बुसानच्या कोर्टाने निर्दोष सोडलं. एकसष्ट वर्षांनी! वारं बदलतंय म्हणायचं, पण तुमच्या भरवशावर बदलायला नको.

म्हणजे करायचं काय तर सुटका होईल इतकंच. मनगट सोडवणं, ढकलून अंतर करणं, ओरडणं, उजेडात कॅमेऱ्याखाली जाणं, 112 लावणं (पोलिसांचा नंबर तिथेही तोच आहे). तो खाली पडल्यावर मारलेली एक जादा लाथ सगळं उलटवते. आपल्याकडेही तत्त्व तेच आहे, भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44, बचावाला लागते त्यापेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही. रच्याकने, ब्लॅक बेल्टवाल्याला हात पोलिसात शस्त्र म्हणून नोंदवावे लागतात ही शुद्ध थाप आहे, दरवेळी कोणीतरी विचारतंच म्हणून आधीच सांगितलं.

पट्टा_काळा

कायदेसाहेबांनी ओरडण्याचं लिहिलं ते महत्त्वाचं. आपल्या बायकांना (आणि खरं तर पुरुषांनाही) चारचौघांत ओरडायचीच लाज वाटते. क्लासमध्ये जो किहाप असतो, तो पोटातून काढायचा आवाज, नवीन लोक तो तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. रोज मोठ्याने काढला की घसा आणि मन दोन्ही मोकळं होतं. तिथे ओरडायचं असेल तर "हाजी मासेयो" म्हणा, म्हणजे करू नका, जोरात आणि तुटक, आजूबाजूचे वळून बघतील.

किमची_कोशिंबीर

ठरलं, गुरुवारी वरच्या मजल्यावर हापकिडोची ट्रायल. लेक म्हणतोय आई तू पांढरा पट्टा म्हणजे मला वाकून नमस्कार करायचा. कपडे काय घालून जाऊ?

धावती_भेट

ट्रायलला ट्रॅक पँट आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, मॅटवर कोपरं सोलतात. नखं कापा, अंगठ्या, बांगड्या, कानातले, मंगळसूत्र सगळं घरी. हापकिडोचा दोबोक, म्हणजे ड्रेस, समोरून उघडा असतो, तायक्वांदोसारखा डोक्यातून घालायचा नाही, म्हणून आत कायम टीशर्ट लागतोच. साइज उंचीच्या सेंटिमीटरवर असते, एक नंबर मोठा घ्या, धुतल्यावर आटतो. आणि लेकाला सांगा, वेगळ्या दोजांगचा पट्टा इथे चालत नाही.