भिजलेल्या भुईमुगाच्या शेंगा: घाण्याला द्याव्यात की टाकून द्याव्यात?

आम्ही सातारा जिल्ह्यातले. खरिपाचा भुईमूग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उपटला आणि वेल रानातच असताना परतीचा पाऊस दोन दिवस लागून राहिला. नंतर सगळ्यांनी बसून शेंगा तोडल्या, ताडपत्रीवर आठ दिवस कडक ऊन दिलं, रोज तीन-चार वेळा हलवल्या. आता शेंग कानाशी धरून हलवली की दाणे खुळखुळतात, म्हणजे वाळल्यात. साधारण चार पोती आहेत.

पण फोडून पाहिलं तर दहातल्या दोन-तीन शेंगांत दाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी दिसते. टरफल वरून चांगलं, आत खराब, त्यामुळे न फोडता निवडता येत नाही. सासूबाई म्हणतात, मिठाच्या पाण्यातून काढून भाजल्या की चालतील. पण या बुरशीचं विष, अफलाटॉक्सिन, भाजून पूर्ण जात नाही, एवढं मला माहीत आहे. घरात तीन वर्षांची मुलगी आहे, म्हणून कूट-चटणीसाठी या शेंगा मी वापरणार नाही, हे नक्की.

प्रश्न तेलाचा आहे. गावातल्या लाकडी घाण्यावर तेल फक्त गाळून मिळतं, रिफाइन होत नाही. पेंड आमच्या दोन म्हशींना जाते आणि ते विष दुधात उतरतं म्हणतात.

सगळ्या शेंगा फोडून बुरशीचे, सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे हाताने काढले, तर उरलेल्यांचं तेल आणि पेंड वापरणं सुरक्षित आहे का? आणि घाण्याला देण्याआधी नमुना तपासून घ्यायचा असेल तर किती दाणे, कुठे द्यावे लागतात?