'सत्र न्यायालय' या नावातील 'सत्र' म्हणजे नेमके काय?

विचारणा : खून, दरोडा यांसारख्या गंभीर गुन्ह्यांचे खटले ज्या न्यायालयात चालतात त्याला आपण 'सत्र न्यायालय' म्हणतो. महाविद्यालयाचे सत्र ठरावीक मुदतीचे असते, हे न्यायालय मात्र वर्षभर चालते. मग नावात 'सत्र' कशासाठी? शिवाय 'जिल्हा व सत्र न्यायाधीश' या पदनामातील न्यायालये दोन की एक?

उत्तर : 'सत्र' हा येथे 'सेशन'चा प्रतिशब्द आहे. इंग्लंडमध्ये फौजदारी खटल्यांसाठी न्यायालये कायम भरत नसत. शांतता-न्यायाधीश ('जस्टिस ऑफ द पीस', म्हणजे स्थानिक दंडाधिकारी) वर्षातून चार वेळा बसत आणि त्या बसण्यालाच 'सेशन्स' म्हणत. तेथील ही पद्धत 1971 च्या कायद्याने संपली, आपल्याकडे मात्र नाव उरले. प्रतिशब्द निवडणाऱ्याला ठाऊक होते की नाही कोण जाणे, पण तो व्युत्पत्तीनेही चपखल बसला आहे : सत्र हा 'सद्' म्हणजे बसणे या धातूपासून आलेला, संसद आणि परिषद यांचा भाऊबंद, आणि सेशनच्या मुळाशी असलेला लॅटिन धातूही त्याच कुळातला. वैदिक सत्र म्हणजे अनेक दिवस चालणारा सोमयाग. संस्कृतात तो 'करीत' नाहीत, त्याला 'बसतात'.

बसण्याचा हा अर्थ कायद्यातून अगदीच पुसला गेलेला नाही. साक्षी सुरू झाल्या की हजर असलेले साक्षीदार तपासून होईपर्यंत खटला रोजच्या रोज चालवावा, अशी तरतूद 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. तारखांवर तारखा पाहिलेल्यांना हे वाचून हसू येईल.

दुसऱ्या प्रश्नाबाबत : व्यक्ती एकच, अधिकार दोन. दिवाणी काम पाहताना ते जिल्हा न्यायाधीश असतात, फौजदारी काम पाहताना सत्र न्यायाधीश. मुंबईत नगर दिवाणी व सत्र न्यायालय आहे आणि त्याच्या प्रमुखास 'प्रधान न्यायाधीश' म्हणतात.

पुरवणी : या न्यायालयांच्या रचनेविषयी लिहिताना क्रियापदेही नीट वापरावीत. प्रत्येक सत्र विभागासाठी (एक वा अधिक जिल्ह्यांच्या क्षेत्रासाठी) न्यायालय 'स्थापन' करते राज्य शासन, परंतु त्यावर न्यायाधीश 'नेमते' उच्च न्यायालय. जिल्हा न्यायाधीशपदावरील मूळ नियुक्ती राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून करतात, आणि वकिलांतून थेट येणाऱ्यास किमान सात वर्षांची वकिली लागते, हे संविधानाच्या अनुच्छेद 233 मध्ये आहे. 'अतिरिक्त सत्र न्यायाधीश' म्हणजे हाताखालचा, कमी अधिकाराचा न्यायाधीश, असा समज चुकीचा आहे : कायद्याने अनुज्ञेय असलेली कोणतीही शिक्षा तोही देऊ शकतो, आणि फाशीची शिक्षा दोघांपैकी कोणीही दिली तरी ती उच्च न्यायालयाने कायम करावी लागते. कमी अधिकाराचे, दहा वर्षांपर्यंतच कारावास देऊ शकणारे, ते 'सहायक सत्र न्यायाधीश'. नव्या संहितेने ते पदच वगळले आहे.

पुन्हा विचारणा : वृत्तपत्रांत 'खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग केला' असे येते. ते बरोबर आहे काय?

उत्तर : बहुतेक वेळा नाही. वर्ग करणे म्हणजे एका न्यायालयातील प्रकरण दुसऱ्या न्यायालयाकडे पाठवणे. खुनाचे आरोपपत्र मात्र आधी न्यायदंडाधिकाऱ्यापुढेच जाते. गुन्हा केवळ सत्र न्यायालयानेच चालवण्याजोगा आहे असे दिसल्यावर तो प्रकरण 'सुपूर्द' करतो, आणि तसे झाल्याखेरीज सत्र न्यायालयाला, कायद्यात अन्यथा सांगितले नसेल तर, त्या गुन्ह्याची दखल घेता येत नाही. वकिलांच्या बोलण्यात यालाच 'सेशन कमिट झाले' म्हणतात. फारसीतून आलेल्या 'सुपूर्द' या शब्दात हवाली करण्याचा, जबाबदारी सोपवण्याचा अर्थ आहे, आणि येथे नेमका तोच हवा असतो.