'गांजाला मान्यता' म्हणावं का?

प्रश्न: जर्मनीतल्या गांजाच्या कायद्यावरचा एक लेख मराठीत करतेय. १ एप्रिल २०२४ पासून तिथे सज्ञान माणसाला घराबाहेर २५ ग्रॅमपर्यंत गांजा जवळ ठेवता येतो, घरी तीन झाडंही लावता येतात. दुकानात मात्र विकता येत नाही. मी मथळा दिला, 'जर्मनीत गांजाला मान्यता'. आता तोच खटकतोय. शिवाय लेखात 'लीगलाइज' आणि 'डिक्रिमिनलाइज' असे दोन शब्द वेगवेगळ्या अर्थाने येतात. मराठीत काय करू?

– 'मान्यता' नकोच. मान्यता शाळेला मिळते, त्यात पाठ थोपटल्याचा भाव येतो. 'लीगल' म्हणजे सरळ 'कायदेशीर'. कॅनडात २०१८ पासून पिकवण्यापासून विक्रीपर्यंत सगळं परवान्याने चालतं, तिथे हा शब्द चपखल बसतो. दुसऱ्या शब्दासाठी 'निर्गुन्हेगारीकरण' छापलेलं पाहिलंय, पण आपण 'राजकारणाचं गुन्हेगारीकरण' इतक्यांदा वाचलंय की 'गांजाचं निर्गुन्हेगारीकरण' म्हटल्यावर गांजाच्या टोळीतून कुणी गुंड हाकलले असं वाटतं! 'गुन्ह्यातून वगळणं' म्हणा. पोर्तुगालने २००१ मध्ये तेच केलं. दहा दिवसांच्या वापराइतका माल सापडला तर फौजदारी खटला होत नाही, समितीपुढे जावं लागतं. माल बेकायदा तो बेकायदाच.

– आणि नेदरलँड्स? तिथे कॉफीशॉपात पाच ग्रॅमपर्यंत मिळतो, पण कायद्याच्या पुस्तकात तो गुन्हाच आहे. सरकार कारवाई करत नाही, इतकंच. याला आपल्याकडे आयता शब्द आहे: कानाडोळा.

– थोडं विषयांतर. 'भांग चालते मग गांजा का नाही' हा आपल्याकडचा लाडका वाद. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, चरस म्हणजे राळ. शेंड्यांशिवाय नुसती पानं असतील तर ती व्याख्येबाहेर, म्हणून भांग त्यातून सुटते. तिच्यासाठी राज्याराज्याचे नियम वेगळे. म्हणजे झाड एकच, आणि शब्दावर तुरुंग ठरतो.

– पुन्हा ती भांग आणि तो भांग वेगळे, हेही अनुवादकांनी लक्षात ठेवावं. तुळस भांगेत, कुंकू भांगात.

– 'हेम्प' (म्हणजे गांजाचंच झाड, पण धाग्यासाठी लावलेलं) आला तर 'ताग' लिहू नका, कृपया. ताग म्हटलं की मराठी माणसाला गोणपाट दिसतं. अंबाडीलाही इंग्रजीत 'डेक्कन हेम्प' म्हणतात. उद्या कुणी उत्तराखंडातल्या धाग्याच्या शेतीच्या बातमीत अंबाडी घुसवेल आणि आमच्या भाजी-भाकरीवर धाड पडायची.

– विचारणारीकडून: मग जर्मनीचं काय? कानाडोळा नाही, कारण कायदाच बदललाय. गुन्ह्यातून वगळणं म्हणावं तर तेही तोकडं पडतं, झाड लावायचा हक्क दिलाय. आणि 'कायदेशीर' म्हटलं की वाचक दुकान शोधत सुटणार.

– 'मुभा'. देणारा पाठ थोपटत नाही, आणि मर्यादा त्या शब्दातच असते.

– विचारणारीकडून: 'जर्मनीत गांजा बाळगायला मुभा, विकायला मनाई'. दोन्ही 'म' जुळले की हो! हाच पाठवते.