मदत हवी आहे: डिव्हाइस ट्रीमध्ये नोंद केली तरी कर्नलला घड्याळ सापडत नाही

खाजणकर:

नमस्कार मंडळी,

आचऱ्याला खाडीकाठी आमची थोडी खाजणाची शेती आहे. उधाण आणि पाऊस एकदम आले की पाणी बंधाऱ्यावरून भातात घुसतं. ते किती वाजता आणि किती चढतं हे नीट नोंदवावं म्हणून उघाडीपाशी (बंधाऱ्यातलं पाणी सोडायच्या दाराशी) एक रास्पबेरी पाय ३ हा तळहाताएवढा संगणक बसवला आहे. सिरियलवर बोलणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर दर पाच मिनिटांनी आकडा देतो, पाय तो वेळेसकट फाइलमध्ये लिहितो.

घोटाळा आहे तो वेळेचा. तिथं नेट नाही, आणि या पायला स्वतःचं घड्याळ नसतं. लाईट गेली की तो झोपतो, आणि उठला की शेवटची साठवलेली वेळ तीच आत्ताची वेळ समजून पुढं मोजायला लागतो. परवा रात्रभर लाईट नव्हती. दुसऱ्या दिवशी चतुर्थी. आमचे काका तिथीची पाऊणपट करून भरती सांगतात, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता. माझ्या आलेखात भरती पहाटे साडेपाचला! काका म्हणाले, "तुझा यंत्र भांग खावन इला काय रे?"

म्हणून डीएस३२३१ हे बॅटरीवरचं घड्याळ आणलं आणि आयटूसीवर जोडलं, म्हणजे दोन तारांच्या त्या बसवर, जिथं प्रत्येक चिपला आपला पत्ता असतो. आयटूसी-डिटेक्ट (बसवर कुठल्या पत्त्यावर चिप आहे ते दाखवणारा प्रोग्रॅम) चालवलं की तक्त्यात ६८ व्यवस्थित दिसतं. न्यू-डिव्हाइस फाइलमध्ये हातानं "डीएस३२३१ ०एक्स६८" लिहिलं की घड्याळ लगेच चालू होतं, वेळही वाचता येते. म्हणजे चिप बरी आहे, ड्रायव्हरही आहे. पण दर वेळी हातानं कोण लिहीत बसणार? म्हणून डिव्हाइस ट्रीत, म्हणजे काय कुठं जोडलंय हे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सांगणाऱ्या यादीत, भर घालणारा तुकडा, म्हणजे ओव्हरले, स्वतः लिहिला. फाइलमध्ये अर्थातच रोमन लिपी आहे, इथं देवनागरीत देतो:

आरटीसी@६८ {
  कंपॅटिबल = "मॅक्सिम,डीएस३२३१";
  रेग = <६८>;
  स्टेटस = "ओके";
};

डीटीसीनं (डिव्हाइस ट्रीच्या कंपायलरनं) कंपाइल करताना काही कुरकुर केली नाही. कॉन्फिग फाइलमध्ये ओळ टाकली, रीबूट केलं. डीमेसगमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, एवढंच:

आरटीसी-डीएस१३०७: प्रोब ऑफ १-००४४ फेल्ड विथ एरर -१२१

डीएस१३०७ हे नाव बघून आधी वाटलं की चुकीचा ड्रायव्हर लागतोय, पण हातानं जोडल्यावरही हाच लागतो. वायरी दोनदा बदलल्या. एसडी कार्ड नव्यानं लिहिलं. आता काय बघू?

सुरमई_थाळी:

अहो, यासाठी तयार ओव्हरले येतो की. कॉन्फिगमध्ये "डीटीओव्हरले=आयटूसी-आरटीसी,डीएस३२३१" लिहा आणि जेवायला बसा.

खाजणकर:

तो चालतो, करून पाहिला. पण याच बसवर पुढं हवेच्या दाबाचा सेन्सर लावायचा आहे, त्याची नोंदही मलाच करायची आहे. तयार ओव्हरले कंपाइल केलेला मिळतो, त्याच्या पोटात काय आहे ते सरळ दिसत नाही. आणि खरं सांगू का, त्याचं चालतं आणि माझं का नाही, हे कळल्याशिवाय झोप येत नाहीये.

डबरा:

घड्याळाला वीज ३.३ व्होल्टवरून दिली आहे ना? ते निळं मॉड्यूल ५ व्होल्टवर लावलं तर त्यावरचे पुल-अप रेझिस्टर आयटूसीच्या दोन्ही तारा ५ व्होल्टला ओढतात, आणि पायच्या पिनांना ३.३ च्या वर सोसत नाही. दुसरं म्हणजे त्यावर बॅटरी चार्ज करणारं सर्किट असतं. साधी सीआर२०३२ बॅटरी चार्ज करायची नसते. ५ व्होल्ट देऊन आमची एक फुगली होती. आणि खाडीवर ठेवताय तर डबा सीलबंद करा, खारं वारं सोल्डर खातं.

खाजणकर:

३.३ वरच आहे. डबा मसाल्याचा आहे, पण सिलिकॉन लावलंय.

रातांबा:

खाजणकर, वायरींना हात लावू नका. ज्या चुकीवर मी एकदा अख्खा रविवार घालवला होता, तीच तुमची दिसतेय. पण आधी खात्री करू. पाय चालू असताना प्रॉक-डिव्हाइस-ट्री फोल्डरमध्ये जा, आयटूसीच्या नोडखाली (नोंदीखाली) आरटीसी@६८ असेल, त्यातल्या रेग फाइलचा हेक्सडंप (आतले बाइट जसेच्या तसे) काढून इथं टाका. कर्नलच्या हातात प्रत्यक्ष काय पडलं ते तिथंच कळतं. आपण काय लिहिलं असं आपल्याला वाटतं, त्याला किंमत नाही.

खाजणकर:

०० ०० ०० ४४

हे ४४ आलं कुठून? मी ६८ लिहिलंय! डीमेसगमध्येही १-००४४ होतं, ते मी एररचा काहीतरी कोड समजून सोडून दिलं.

रातांबा:

तो कोड नव्हे, पत्ता आहे: १ नंबरच्या बसवरचं ४४ नंबरचं घर. सगळा खुलासा त्या ओळीतच होता.

आजोबांच्या वेळचा हिशोब आठवा, सोळा आण्यांचा रुपया. आयटूसी-डिटेक्टचा तक्ता तशाच रुपये-आण्यांत, म्हणजे षोडशमानात बोलतो. तुमचं घड्याळ राहतं ६ रुपये ८ आण्यांवर, म्हणजे १०४ आण्यांवर. डिव्हाइस ट्रीच्या कोनी कंसात मात्र नुसता आकडा लिहिला की तो साधा दशमान धरला जातो, सी भाषेत असतो तसाच. तुम्ही लिहिलेत ६८ आणे. कर्नलनं त्याचे केले ४ रुपये ४ आणे, ४४ नंबरच्या दारावर जाऊन कडी वाजवली, आतून कोणी ओ दिली नाही. उणे १२१ म्हणजे तेच, पलीकडून उत्तर नाही. हातानं लिहिताना तुम्ही ०एक्स ही षोडशमानाची खूण लावली होतीत, म्हणून ते चाललं.

फसवणारा भाग असा की @ च्या पुढचा पत्ता ०एक्स न लावता षोडशमानातच लिहायची पद्धत आहे. म्हणून नावात ६८ बरोबर आणि दोन ओळी खाली तेच ६८ चूक. कर्नलचा आयटूसीचा भाग नावातला आकडा बघतच नाही, तो रेग वाचतो.

आता डीटीसी गप्प का राहिला? पूर्ण ट्री असती तर त्यानं टोकलं असतं, "आयटूसी बसच्या पत्त्याचं रूप चुकलंय, ४४ अपेक्षित" अशा अर्थाचा इशारा तो देतो. पण आयटूसीची फांदी तो नोडच्या नावावरून ओळखतो, आणि ओव्हरलेमध्ये तुमचा नोड "ओव्हरले" नावाच्या खोक्यात असतो. खोक्यावर आयटूसी लिहिलेलं नसल्यानं तपासणीच होत नाही.

सेन्सर लावायच्या आधी एक सवय लावून घ्या. कर्नलच्या सोर्समध्ये डॉक्युमेंटेशन, त्यात डिव्हाइसट्री, त्यात बाइंडिंग्ज असं फोल्डर आहे. कुठल्या चिपच्या नोंदीत काय हवंच, काय चालेल, कंपॅटिबलचं नेमकं स्पेलिंग काय, हे तिथं यामल फाइलींत लिहिलेलं असतं, खाली नमुनाही असतो. नमुन्यातला रेग आधी बघायचा. यूएसबीवरचं यंत्र स्वतःच आपलं नाव-गाव सांगतं, आयटूसीवरची चिप मुकी असते. तिच्या वतीनं आपण बोलायचं, तर कर्नलला समजेल त्याच शब्दांत बोलावं लागतं.

सुरमई_थाळी:

एवढं सगळं चिपसाठी लिहायचं? पीसीवर कधी लिहावं लागलं नाही.

रातांबा:

पीसीत ते काम एसीपीआय करतं, तक्ते फर्मवेअरमध्ये आयते मिळतात. एआरएमवर (पायमध्ये असतो त्या जातीच्या प्रोसेसरवर) पूर्वी प्रत्येक बोर्डाची माहिती कर्नलमध्येच सी फाइल म्हणून कोंबलेली असायची. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स त्या पसाऱ्यावर जाहीर भडकले, त्यानंतर एआरएमवाले झपाट्यानं डिव्हाइस ट्रीकडे वळले. कल्पना मात्र जुनी, सन या संगणक कंपनीच्या काळातल्या ओपन फर्मवेअरमधली.

खाजणकर:

झालं! रेगमध्ये ०एक्स६८ केलं, आता तक्त्यात ६८ च्या जागी "यूयू" येतंय, म्हणजे ड्रायव्हरनं चिप ताब्यात घेतली. धन्यवाद ताई, आण्यांचा हिशोब काकांनाही सांगितला, त्यांना तो माझ्यापेक्षा लवकर कळला.

पुढं कोणाला लागलं तर: एवढ्यानं भागलं नाही. रीबूटनंतर घड्याळात वेळ बरोबर, पण पायची वेळ मागचीच. फेक-एचडब्ल्यूक्लॉक (शेवटची वेळ साठवून ठेवणारा प्रोग्रॅम) काढून टाकलं, आणि यूडेव्हच्या (यंत्र सापडलं की पुढची कामं करणाऱ्या भागाच्या) एचडब्ल्यूक्लॉक-सेट फाइलमध्ये सुरुवातीलाच "सिस्टमडी असेल तर बाहेर पड" अशा तीन ओळी होत्या, त्या कॉमेंट करून बंद केल्या. मग फोनच्या हॉटस्पॉटवरून एकदा खरी वेळ घेऊन ती घड्याळात लिहिली. डीएस३२३१ चा फरक दहा लाखाला दोन, म्हणजे वर्षाला मिनिटभर. पाच मिनिटांच्या नोंदीला पुष्कळ झालं.

काल अष्टमी होती. दुपारी मुद्दाम दोन तास मेन स्विच बंद ठेवून बघितलं. आलेखात भरती सहा वाजून दहा मिनिटांनी. काकांच्या पाऊणपटीत बरोबर सहा. वरची दहा मिनिटं यंत्राचीच चूक आहे, असं त्यांचं म्हणणं.