ट्रामाडॉल साध्या मेडिकलमध्ये मिळावं का?

वेदांग_सातारा
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मामीला थोड्या दिवसांसाठी ट्रामाडॉल (सवय लागू शकणारी, अफूसारखं काम करणारी वेदनाशामक गोळी) लिहून दिलं होतं. तीच जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून स्ट्रिप मिळत राहिली. गोळी चुकली की घाम, अस्वस्थपणा, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तिला वाटायचं गुडघाच दुखतोय, की पुन्हा गोळी. डोस हळूहळू उतरवत आणायचा असतो हे तिला कुणीही सांगितलं नाही. २०१८ मध्ये हे औषध एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं, तरी ही गत. माझं स्पष्ट मत आहे, हे फक्त रुग्णालयातूनच मिळावं.

अनुराधा_कु
साफ चूक. १९८५ च्या याच कायद्याने मॉर्फिनचं, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या जोरकस वेदनाशामकाचं, काय केलं ते बघा. परवान्यांच्या कटकटीपायी रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरला अफू पिकते आणि आपलेच कॅन्सरचे पेशंट तळमळत राहिले. २०१४ मध्ये कायदा बदलावा लागला. माझ्या बाबांचा कॅन्सर हाडात उतरला होता. कूस बदलली तरी ओरडायचे. तालुक्याला मॉर्फिन नव्हतंच. ट्रामाडॉल होतं, म्हणून दोन घटका झोप लागायची.

औषधविक्रेता_नाशिक
वेदांग, जुन्या चिठ्ठीवर देणं आजही बेकायदाच आहे. हे एच-१ मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न देण्याच्या कडक यादीतलं औषध. डॉक्टर, पेशंट, किती गोळ्या, सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. ते कुणी उघडून बघत नाही, हे खरं दुखणं. मी काउंटरवर विचारतोच: फिट येते का? नैराश्याची गोळी चालू आहे का? या औषधाने फिट येऊ शकते, आणि नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत धोका आणखी वाढतो. दारू किंवा झोपेची गोळी घेतली तर श्वास मंदावतो. निम्मे पेशंट सांगतच नाहीत.

वेदांग_सातारा
मामीला नैराश्याची गोळी चालू होती, नाना. लिहिणाऱ्यानेही विचारलं नाही, विकणाऱ्यानेही नाही. म्हणून सगळ्या दुकानदारांवर भरवसा टाकायला मी तयार नाही. ताई, कॅन्सरच्या पेशंटची नोंद करून त्यांना महिन्याचा साठा घरी द्या, माझी काही हरकत नाही.

अनुराधा_कु
आणि ती नोंद करायला गडचिरोलीतल्या दुर्गम भामरागडच्या माणसाने जायचं कुठे? आधी तिथल्या ग्रामीण रुग्णालयात मॉर्फिन ठेवा, मग मेडिकलमधलं ट्रामाडॉल काढा.