छत आणि भिंतीमधली रेघ सरळ येतच नाही, काय चुकतंय?

सिडकोची_माई

आमचं घर नाशिकच्या सिडकोत, पवननगरच्या बाजूला. जुनं, बसकं. दिवाळीआधी आतली खोली आपणच रंगवायची असं यंदा मी ठरवलं. रंगाऱ्याने सांगितलेला आकडा ऐकून ह्यांनी पेपर परत तोंडासमोर धरला, तेच त्यांचं उत्तर.

भिंती मोरपिशी, छत पांढरं. छताच्या कडेने मास्किंग टेप लावला, नखाने दाबून दाबून. दोन हात मारले आणि रात्री दमून झोपले. सकाळी टेप काढते तर जागोजागी रंग टेपखाली शिरलेला, छतावर मुंग्यांची रांग चालल्यासारखा. एका कोपऱ्यात तर छताचा जुना रंगच पापुद्रा होऊन टेपबरोबर हातात आला. जिथे टेप बरा बसला होता तिथली रेघही नागमोडी. मुलगा म्हणतो, "आई, गोदावरी काढलीस का?"

एक भिंत झाली, तीन बाकी आहेत. काय करू?

काय_भो

माई, टेप स्वस्तातला असेल. निळा मिळतो तो घ्या, कमी चिकट असतो. आणि रात्रभर कशाला ठेवलात?

घोड्यावरून

माई, नुसता टेप बदलून भागणार नाही. तुमची कडच सरळ नाही. जुन्या घरात गिलावा हाताने ओढलेला असतो, छत आणि भिंत मिळते ती कड एक-दोन सूत खालीवर होणारच. टेप कडेबरोबर वळला, म्हणून रेघही वळली.

माझे वडील रंगारी होते. पंचवटीतली बरीच घरं त्यांच्या हातची. सुट्टीत मी त्यांचे डबे धुवायचो आणि ते चढायचे तो लाकडी घोडा धरायचो. भिंतीचा रंग ते कधीच अगदी कडेपर्यंत नेत नसत. छताचा पांढरा आधी भिंतीवर इंच-दीड इंच खाली उतरवायचे. तो खडखडीत वाळला की कडेपासून अर्धा इंच खाली दोन टोकांना दोन खिळे, मध्ये दोरा ताणलेला, आणि दोऱ्याला धरून हातभर अंतरावर पेन्सिलचे बारीक टिपके. मोरपिशी त्या टिपक्यांपर्यंतच. खालून बघणाऱ्याला वरची अर्ध्या इंचाची पट्टी छतच वाटते, कारण रंग बदलतो तिथेच डोळा कड मानतो. खरी कड वर कितीही वाकडी असो, पांढऱ्यात पांढरी, कोण बघतंय!

नीळ लावलेली दोरी झटकायचा मोह होईल, पण नको. नीळ नंतर पांढऱ्यातून डोकावते. कॉलेज रोडच्या एका बंगल्यात मी ती हौस केली होती, वडिलांनी अख्खी पट्टी पुन्हा मारायला लावली. आणि लेव्हल पाइप लावून पाणसळीत, म्हणजे अगदी आडवी, रेघ धरू नका. छत एका अंगाला कललेलं असेल तर पट्टी इकडे अर्धा इंच आणि तिकडे एक इंच दिसते, ते नागमोडीपेक्षा जास्त खटकतं. रेघ छताला समांतर हवी.

आता पापुद्र्याचं. छतावर तळहात घासा. पांढरी भुकटी लागली तर ते जुनं डिस्टेंपर, त्यावर नवा रंगसुद्धा धरणार नाही. सुटं झालेलं खरवडा, पॉलिश पेपर मारा, मग प्रायमर.

टेप वापरायचाच तर त्या पांढऱ्या पट्टीवर लावा, खालची कड बरोबर टिपक्यांवर. लावण्याआधी एकदा सदऱ्यावर चिकटवून काढा, चीक कमी होतो. मग टेपच्या खालच्या कडेवरून छताचाच पांढरा पातळ फिरवा. जे काही आत झिरपायचं ते पांढरंच झिरपतं आणि फटी बुजतात. तो वाळल्यावर मोरपिशी. शेवटचा हात ओला आहे तोवरच टेप तिरका ओढत सावकाश काढायचा. रात्रभर राहिला की रंगाची एकच साय टेप आणि भिंत दोन्हीवर धरते आणि काढताना फाटते. राहिलाच तर आधी ब्लेडने कड कापून घ्या.

वडिलांनी स्वतः टेप कधी लावला नाही. दोन इंची ब्रश, रंगात फक्त एक तृतीयांश बुडवायचा, डब्याच्या आत दोन्ही बाजूंनी आपटायचा. पहिला फटका रेघेच्या बोटभर खाली. तिथे रंग उतरला की त्याच ब्रशने, पुन्हा न बुडवता, तो वर ढकलत रेघेपर्यंत न्यायचा. याला कटिंग म्हणतात. सराव कपाटामागे करा.

कटिंग ओली असतानाच खालून रोलर आणा, नाहीतर कडेची चौकट वेगळी दिसते. ऑक्टोबरच्या उकाड्यात रंग फार पटकन ओढतो, तेव्हा काम चालू असेपर्यंत पंखा बंद.

गंगापूररोडकर

एवढा खटाटोप कशाला? पीओपीची कॉर्निस, म्हणजे कडेची पट्टी, लावा, कड झाकली जाते. आम्ही तेच केलं.

घोड्यावरून

दादा, कॉर्निसलाही खालची कड असतेच की, तिथे कटिंग करावीच लागते. शिवाय बसक्या घरात ती डोक्यावर आल्यासारखी वाटते. माई, वर गच्ची असेल तर रंगाआधी एक बघून या. कठड्याच्या बुडाशी सिमेंटचा गोल वाटा असतो, तो तडकला असेल तर पावसाचं पाणी नेमकं याच कोपऱ्यात उतरतं. तुमचा पापुद्रा त्याचाही असू शकतो.

सिडकोची_माई

वाट्याला तडा निघाला, अगदी त्याच कोपऱ्यावर! गवंडी रविवारी येतोय. ती भिंत तोवर तशीच.

समोरची भिंत काल केली. खिळे, दोरा, टिपके, सगळं तुम्ही सांगितलं तसं. टेप अर्ध्याच भिंतीला पुरला, उरलेली हाताने कटिंग केली. हाताची बाजू थोडी जाड-बारीक आहे, पण नऊवारीच्या काठासारखी सरळ चाललीय. मुलगा काहीच बोलला नाही. ह्यांनी पेपर खाली ठेवला, वर बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "पंखा कधी लावायचा?"